हयातीचा दाखला

माणसाने दुसऱ्याच्या घरचा फ्रीज उघडू नये, हे ज्ञान मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, लंडनच्या हॅरो नावाच्या उपनगरात, सकाळी साडेसहा वाजता झालं. घर तसं परक्याचं नव्हतं. माझी धाकटी बहीण मंजू तिथे सतरा वर्षं संसार करते आहे. तिकिटाचे पैसेही तिच्या यजमानांनीच दिले होते, कारण बँकेच्या प्रवास-सवलतीतून आम्ही लोक फार तर कन्याकुमारीला जाऊन येतो. पहाटे उठून चहा टाकला. मंजूने झोपेतच सांगितलं, “किसलेलं आलं गॅरेजमधल्या फ्रीजमध्ये आहे. डावा बघ.”

गॅरेजमध्ये दोन फ्रीज होते. डावा कुठून डावा, हे तिने सांगितलं नव्हतं. मी दारातून आत गेलो, वळलो, दिवा लावला आणि माझ्या डावीकडचा उघडला. आत एका पारदर्शक पिशवीत, डोक्याला डोकं लावून, शाळेच्या सहलीतली मुलं सतरंजीवर झोपतात तसे, दहा पांढरे उंदीर ओळीने निजलेले होते. अंगावर बर्फाची बारीक साय. पिशवीवर वजन आणि वापरायची अंतिम तारीख छापलेली.

मी ओरडलो नाही. बँकेत पंचवीस वर्षं काढलेला माणूस सहसा ओरडत नाही. मी दार लावलं, वर गेलो आणि बिनआल्याचा चहा प्यालो.

नंतर उलगडा झाला तो असा. मंजूच्या सासूबाईंनी एका फ्रीजवर ‘सोवळा’ आणि दुसऱ्यावर ‘ओवळा’ अशा चिठ्ठ्या स्वहस्ते चिकटवल्या होत्या. सोवळ्यात पुरणपोळ्या, खवलेलं खोबरं आणि अळूवड्यांचे उंडे. ओवळ्यात मॉन्टीचं जेवण. ओवळ्याची चिठ्ठी ओलीमुळे गळून पडली होती. मॉन्टी म्हणजे माझा भाचा ओंकार, वय वर्षं बारा, याने पाळलेला अजगर. सासूबाई त्याला मोंट्या म्हणतात.

अजगर म्हटल्यावर वाचकांच्या डोळ्यांपुढे जे काही येईल ते त्यांनी निम्म्याहून कमी करावं. हा पश्चिम आफ्रिकेतला छोटा अजगर. इंग्लंडात त्याला ‘रॉयल’ म्हणतात आणि अमेरिकेत ‘बॉल’, कारण भ्याला की तो अंगाचा चेंडू करतो आणि डोकं मधोमध लपवतो. साहेबाने केबिनमध्ये बोलावलं की मीही साधारण हेच करतो. त्यामुळे मॉन्टीशी माझं पहिल्या दिवसापासून जमलं. डोंबिवलीहून आमच्या सौभाग्यवतींनी मात्र फोनवर स्पष्ट सांगितलं की आपल्याकडे साप पाळणं १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा तिकडून काही कल्पना घेऊन येऊ नका.

मी ओंकारला विचारलं, “का रे, हे गोठवलेले कशाला? साप तर जिवंत खातात ना?”

ओंकारने माझ्याकडे, चेक कसा लिहायचा हे विचारणाऱ्या ग्राहकाकडे मी जसा बघतो, तसं बघितलं. मग त्याने मॉन्टीला उचलून त्याच्या पाठीवरचा वण दाखवला. बोटभर लांब. त्या जागेवरचे खवले वेडेवाकडे उगवले होते.

झालं होतं असं. आदल्या हिवाळ्यात मॉन्टीने जेवण सोडलं. या जातीचे अजगर महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतात, त्यांना त्याचं काही वाटत नाही. पण बारा वर्षांच्या मुलाला वाटतं. कुणातरी जाणत्याने सल्ला दिला, “त्याला जिवंत दे. सापाची जातच ती. मेलेलं तो नाइलाजाने खातो.” म्हणून दुकानातून एक जिवंत पांढरा उंदीर आणून रात्री पिंजऱ्यात सोडला. मॉन्टीला भूक नव्हती. उंदराला होती. सकाळी पाहतात तो उंदराने अजगराची पाठ कुरतडलेली! सापाच्या डॉक्टरने टाके घातले आणि जे बिल दिलं, ते पाहून आमचे मेहुणे मॉन्टीसारखेच गोल झाले.

आता उंदराचं काय करायचं? ओंकारने त्याला पुन्हा साप दाखवायला साफ नकार दिला. सासूबाईंनी त्याचं नाव मोरेश्वर ठेवलं. गणपतीचं वाहन, म्हणाल्या, आणि गणपतीच्याच पोटाला नागाचा पट्टा असतो; तिथे दोघं नांदतात तर इथे का नाही? तेव्हापासून वरच्या खोलीत अजगर, खालच्या खोलीत मोरेश्वर आणि गॅरेजमध्ये मोरेश्वराचे दिवंगत भाऊबंद, अशी त्या घराची मांडणी आहे. मराठीत उंदराला मामा म्हणतात हे ओंकारला आजीनेच शिकवलं. त्यामुळे “मामाला पोहे दिले का?” असं कुणी विचारलं की मी आणि मोरेश्वर दोघेही मान वर करत असू.

‘सापाची जातच ती’ हे वाक्य मात्र माझ्या डोक्यात राहिलं. मी कॉमर्सचा पदवीधर. जीवशास्त्राशी माझा संबंध दहावीत बेडकाच्या आकृतीपाशी संपला. पण परदेशी पाव्हण्याला दुपारी उद्योग नसतो, आणि हॅरोच्या वाचनालयात कुणी उठ म्हणत नाही. शिवाय ओंकारने मला झू दाखवायला नेलं. साप आणि त्यांचं जेवण या विषयावर जगात सगळ्यात जास्त शाई बहुधा त्याच गावाने खर्च केली असावी.

सुरुवात टॉवर ऑफ लंडनमध्ये होते. तिथे राजाचे प्राणी ठेवत, आणि अॅल्फ्रेड कॉप्स नावाचा गृहस्थ त्यांचा रखवालदार होता. त्याची एक हकीकत १८२९ साली छापलेल्या पुस्तकात आहे. कॉप्स एकदा हातात जिवंत कोंबडी धरून एका मोठ्या सापाला ती भरवायला गेला. साप कात टाकायच्या बेतात होता. अशा वेळी सापाच्या डोळ्यांवर पडदा येतो आणि त्याला धड दिसत नाही. त्याने कोंबडीचा नेम धरला आणि कॉप्सचा डावा अंगठा पकडला. पाठोपाठ दंडाला वेढा, मानेला वेढा. कॉप्स एकटाच. सापाचं डोकं सोडवायला जावं तर ते त्याच्याच वेटोळ्यांत गुंतलेलं. दोघं जोडीदार वेळेवर आले, त्यांनी सापाचे दात मोडले आणि कॉप्सला सोडवलं. अंगठ्यात दोन दात तुटून राहिले होते, ते काढले. कोंबडीचं पुढे काय झालं हे पुस्तकात मला सापडलं नाही. बँकेत दोन अधिकाऱ्यांच्या भांडणात ग्राहकाचं जे होतं तेच झालं असावं.

टॉवरमधला हा कारभार १८३५ साली बंद झाला. रीजंट्स पार्कातलं झू त्याआधीच, १८२८ मध्ये, उघडलं होतं. १८४९ साली तिथे सापांसाठी स्वतंत्र घर झालं, जगातलं अशा प्रकारचं पहिलं. सापांना जेवायला काय द्यायचं, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. जिवंत द्यायचं. ससे, गिनीपिग, चिमण्या, उंदीर. आणि द्यायचं ते लोकांदेखत.

एके दिवशी चार्ल्स डिकन्स योगायोगाने तिथे असताना हे जेवण चाललं होतं. त्याने घरी जाऊन मित्राला पत्र लिहिलं. टेबलाच्या पायांवरून साप वर चढताहेत असं त्याला लिहिताना भासत होतं. भीतीने केस ताठ झालेला एक गिनीपिग त्याने पाहिला होता. आधी आपला नंबर लागू नये म्हणून कोपऱ्यात एकमेकींच्या मागे दडणाऱ्या पाच चिमण्या पाहिल्या होत्या. इतका मोठा लेखक. त्याने गिनीपिगाला दोन शब्दही बोलायला लावले. ते पत्र वाचून मी वाचनालयातला सँडविच अर्धा ठेवला.

साप काय खातो याबद्दल झूवाल्यांची खात्री होती, पण सापाची स्वतःची तेवढी नसावी. १८५१ मध्ये तिथल्या एका बोआ जातीच्या सापाने पिंजऱ्यात उबेसाठी ठेवलेलं आपलं घोंगडंच गिळलं. अख्खं. काही दिवस नाही, चांगलं महिनाभर ते पोटात ठेवलं आणि मग बाहेर टाकलं. घोंगड्यात जीव असतो असं लंडनमध्येही कुणी मानत नसेल. वास्तविक तेव्हाच एखाद्याने म्हणायला हवं होतं, की अहो, हा प्राणी लोकर खातो, तर याला मेलेला ससा देऊन बघूया का? पण घोंगड्याचा बोभाटा मात्र झाला. सशाच्या फाइलवर कुणी शेरा मारला नाही.

आपण हसायला नको. आपल्याकडे नागपंचमीला आम्ही पोरं गारुड्याच्या टोपलीपुढे दुधाची वाटी धरत होतो, आणि नाग तोंड बुडवायचा तेव्हा हात जोडत होतो. साप दूध पीत नाही. गारुडी त्याला दिवसचे दिवस पाण्यावाचून ठेवी, म्हणून तो पुढे आलेलं काहीही पिई. तिकडे लोकांना साप सैतान वाटला म्हणून जिवंत ससा, इकडे देव वाटला म्हणून दूध.

झूमध्ये सापांचं दुसरं घर बांधलं १८८३ साली. ही इमारत अजून आहे, आणि ओंकारने मला ती मुद्दाम दाखवली. सापांचं तिसरं घर झालं तेव्हा तिच्यात पक्षी ठेवले, आणि ते अजूनही तिथेच आहेत. आत रंगीबेरंगी पाखरं निर्धास्त उडत होती. आपल्या पणज्यांना याच जागेत कशासाठी आणत, हे त्यांना कुणी सांगितलेलं दिसलं नाही. तिसरं घर १९२७ चं, जोन प्रॉक्टर या बाईंनी आखलेलं. बाई वयाच्या चौतिसाव्या वर्षी गेल्या, पण तेवढ्यात अख्ख्या झूच्या सापांची व्यवस्था लावून गेल्या. हॅरी पॉटर काचेपलीकडच्या सापाशी बोलतो तो सिनेमातला प्रसंग याच घरातला, ही माहिती ओंकारने मला तीनदा दिली. २०२४ मध्ये सगळी मंडळी नव्या वास्तूत राहायला गेली.

पण मला शोध होता तो मधल्या माणसांचा. १९०३ साली पीटर चामर्स मिचेल नावाचे गृहस्थ झूचे सेक्रेटरी झाले. त्यांच्या हाताखाली पोकॉक म्हणून सुपरिंटेंडंट होते. या दोघांनी कुणीही करू शकला असता असा उद्योग केला. सापांना मेलेलं खाद्य घालून पाहिलं. आणि जवळजवळ सगळ्या सापांनी ते मुकाट्याने खाल्लं.

बस, एवढंच. पहिलं घर उघडल्यापासून पन्नासहून अधिक वर्षं जिवंत ससे गेले. कारण विचारलं तर सापाची जातच ती. साप बिचारा काचेमागून काय सांगणार?

१९०७ साली दोघांनी यावर निबंध छापला. त्यात सापाची भीती कुणाला वाटते, याचाही तपास होता. प्रत्येकाला साप दाखवून पाहिलं. निष्कर्ष वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. ससे, उंदीर, गिनीपिग यांना सापाची अशी खास भीती वाटतच नाही. ते त्याच्या अंगावरून खुशाल ये-जा करतात. लेमूर तर पिंजऱ्याच्या पुढे आले, बहुधा काही खायला मिळेल म्हणून. साप पाहून किंचाळत छताला गेली ती फक्त माकडं.

म्हणजे डिकन्सने गिनीपिगाच्या डोळ्यांत पाहिली ती भीती गिनीपिगाची होती, की काचेच्या अलीकडच्या गृहस्थाची? मिचेलसाहेबांनी हे असं लिहिलेलं नाही. हा माझा खातेवहीच्या कडेला पेन्सिलीने मारलेला शेरा. बरं, भीती वाटत नाही म्हणून जिवंत घालावं, असाही अर्थ कुणी काढू नये. वेढा पडल्यावर दुखायचं ते दुखणारच.

इथे माझी एक गोष्ट सांगतो. ती सापाची नाही.

मी बरीच वर्षं पेन्शनच्या काउंटरवर होतो. दर नोव्हेंबरात पेन्शनरांनी हयातीचा दाखला द्यायचा असतो. तेव्हा आमची शाखा पहिल्या मजल्यावर होती आणि लिफ्ट नव्हती. एक निवृत्त शिक्षक होते, पंच्याऐंशीच्या पुढचे, गुडघ्यांनी पूर्ण बसलेले. त्यांचा मुलगा आणि खालचा वॉचमन त्यांना खुर्चीसकट उचलून वर आणत. घामाघूम होऊन तिघेही माझ्यापुढे थांबत. मास्तर म्हणत, “आहे बरं का मी अजून!” आणि सही करत. मुलाने पहिल्याच वर्षी विचारलं होतं, घरी येऊन घेता येणार नाही का? मी म्हटलं होतं, “नियमच आहे. समक्ष यावं लागतं.” हे मला कुणी सांगितलं होतं? माझ्या आधी त्या काउंटरवर जो होता, त्याने. त्याला त्याच्या आधीच्याने. तीन नोव्हेंबर ती खुर्ची जिना चढली. चौथ्या वर्षी एक नवीन अधिकारी बाई आल्या. त्यांनी कपाट आवरताना परिपत्रकांची फाइल उघडली, आणि त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं की ज्याला येणं अशक्य आहे, त्याच्या घरी बँकेच्या अधिकाऱ्याने जावं. फाइल माझ्या खुर्चीपासून चार हातांवर होती. बाई म्हणाल्या, चला, आजच जाऊन येऊ. मी पत्ता काढायला खातं उघडलं. खातं जुलैमध्येच बंद झालं होतं.

असो. मिचेलसाहेबांच्या काळी मेलेलं म्हणजे ताजं मारलेलं. गोठवलेलं पुढे आलं. क्लॅरेन्स बर्ड्‌सआय नावाच्या अमेरिकनाने लॅब्रॅडोरच्या थंडीत तिथल्या लोकांना मासे झटक्यात गोठवताना पाहिलं, आणि त्यावरून यंत्र बसवलं. १९३० साली मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या दुकानांत त्याचे गोठलेले मासे, मांस आणि मटार विक्रीला आले. त्या मटारामागोमाग उंदीर कधी आला याच्या तपशिलात मी शिरत नाही. मटाराची उसळ खावीशी वाटायला हवी. आता उंदीर वजनाप्रमाणे प्रतवारी करून मिळतात. अगदी नवजाताला ‘पिंकी’ म्हणतात, लव आलेल्याला ‘फझी’. मंजूच्या शेजारच्या मांजरीचं नावही पिंकीच आहे, त्यामुळे फोनवर घोटाळे होतात.

माझ्या मुक्कामाच्या शेवटच्या रविवारी मॉन्टीचं जेवण होतं. ओंकारने मोठ्या मनाने ते माझ्या हातून करायचं ठरवलं. उंदीर आदल्या रात्रीच वितळायला काढला होता. मायक्रोवेव्हमध्ये तापवायचा नाही. आत कच्चा बर्फ राहतो आणि बाहेर नको ते होतं. तो पिशवीत घालून कोमट पाण्यात ठेवायचा. अजगराच्या ओठांवर बारीक खळगे असतात, त्यांनी त्याला ऊब कळते. उंदीर उंदराइतका गरम हवा. ओंकारने थर्मामीटर लावला. माझ्या मुलाच्या तापात आम्ही इतका काटेकोरपणा दाखवला नव्हता.

मग माझ्या हातात लांब चिमटा आला. चिमट्यात शेपटीने उंदीर.

“मामा, हलव.”

“काय?”

“थोडा हलव त्याला. चालल्यासारखा.”

एका मृताला हयात दाखवण्याचं काम माझ्यावर आलं. आमच्या खात्यात याला नोकरी जाते. मी उंदीर डावीकडे नेला, उजवीकडे नेला. मॉन्टीने जीभ काढली. सासूबाई दाराशी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “मिलिंदराव, जरा जोरात. लग्नात नाचता तसे.” मी तसा हलवला आणि काय झालं ते मला दिसलंच नाही. चिमट्याला हिसका बसला. मॉन्टीने उंदराला धरून तीन वेढे घातले होते आणि तो आवळत होता.

“मेलाय ना तो?” मी विचारलं.

“हो, पण त्याला कुठे माहीतय? तो आता चेक करतोय.”

हे खरं आहे. २०१२ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी मेलेल्या उंदरांच्या अंगात पाण्याची खोटी हृदयं बसवली आणि ते बोआ सापांना दिले. हृदय धडधडत असेपर्यंत साप आवळत राहिले, थांबवलं की त्यांनी सोडलं. ज्या सापांनी जन्मात जिवंत उंदीर पाहिला नव्हता त्यांनीही तेच केलं. म्हणजे हयातीचा दाखला साप घेतो. स्वतः, अंग लावून, जागच्या जागी घेतो. कुणाला जिना चढायला लावत नाही.

मॉन्टीने थोड्या वेळाने वेढे सैल केले आणि डोक्याकडून सुरुवात केली. सासूबाई “झालं बाई त्याचं” म्हणून मोरेश्वराला पोहे द्यायला खाली गेल्या. ओंकारने पिंजऱ्याखालून एक वही काढली. ओळी आखलेल्या, रकाने पाडलेले. तारीख, उंदराचं वजन, सापाचं वजन, खाल्लं किंवा नाही. हिवाळ्यातल्या एका पानावर अकरा वेळा ‘नाही’ लिहिलेलं होतं, आणि मग एका तारखेसमोर नुसतीच लाल रेघ. त्याने आजची नोंद केली आणि वही माझ्यापुढे धरली.

“बरोबर आहे का मामा?”

मी रकाने तपासले आणि सवयीने खाली आद्याक्षरं केली.